गुडघा दुमडला की हरवणारी नाडी : एक प्रकरण अभ्यास

रुग्ण ४१ वर्षांचे, व्यवसाय फरशी बसवण्याचा. तक्रार एकच, उजव्या पोटरीत गोळा येतो. दीडशे-दोनशे मीटर चाललं की पोटरी आवळून यायची आणि थांबावंच लागायचं. थांबल्यावरही दहा-पंधरा मिनिटं पाय उचलवत नसे. तंबाखू नाही, सिगारेट नाही, मधुमेह नाही, रक्तदाब नाही, घरात कुणाला हृदयविकार नाही. माझ्याकडे आले तेव्हा या दुखण्याला आठ महिने झाले होते आणि त्यांच्या हातात तीन जाडजूड फायली होत्या.

मी रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करते. चालताना पोटरी भरून येते म्हणून येणारी माणसं माझ्या बाह्यरुग्ण विभागात रोजचीच. त्यातली बहुतेक साठीच्या आसपासची असतात. कुणी वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेली असते, कुणाची साखर बरीच वर्षं वाढलेली असते, आणि धमन्यांच्या आत चरबीचे थर चढलेले असतात. हे गृहस्थ त्या चौकटीत कुठूनही बसत नव्हते. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचं ते एक कारण. दुसरं कारण असं की निदानाचा धागा पहिल्या महिन्यापासून घरात उघड बोलला जात होता, पण तिन्ही फायलींत तो कुणीही लिहिलेला नव्हता. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

आठ महिन्यांचा प्रवास

दुखणं सुरू झालं तो दिवस त्यांना नेमका आठवत होता. सकाळी नीट कामावर गेले, दुपारी साहित्य घेऊन जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर पोटरीने धरलं. त्याआधी काही नाही. धमनी चरबीने आतून बुजत जाते तेव्हा सहसा असं होत नाही. माणूस आधी एक किलोमीटर चालतो, मग पाऊण, मग अर्धा, आणि आपण कधीपासून थांबायला लागलो हे त्याला सांगता येत नाही. इथे तारीख सांगता येत होती. अशी तारीख सांगता आली की मी कान टवकारते.

पहिलं निदान कंबरेचं झालं. वाकून काम करणारा माणूस, पाय दुखतोय, म्हणजे नस दबली असणार. एमआरआयमध्ये चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती किंचित फुगलेली दिसली. चाळिशीनंतर कसलाही त्रास नसलेल्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये एवढं दिसतंच. पण अहवालात ते छापून आलं आणि दुखण्याला नाव मिळालं. गोळ्या, पट्टा, व्यायाम, सगळं झालं. तीन आठवड्यांनी पाय आपोआप मोकळा झाला, तेव्हा उपचार लागू पडला असं सगळ्यांनाच वाटलं. महिनाभराने दुखणं परत आलं.

कंबरेतली नस दबल्यामुळे येणारा गोळा आणि रक्त कमी पडल्यामुळे येणारा गोळा वेगळे ओळखण्याची साधी रीत आहे. नस दबलेली असेल तर नुसतं उभं राहून भागत नाही. माणूस पुढे वाकतो किंवा बसतो, तेव्हा आराम पडतो. रक्त कमी पडत असेल तर जागच्या जागी उभं राहिलं तरी दुखणं ओसरतं. आमचे रुग्ण भिंतीला टेकून उभे राहत, बसायची गरज त्यांना वाटत नसे. उलट कधी बसलेच तर पाय लवकर सुटत नसे, हेही त्यांनी सांगितलं. ही दुसरी गोष्ट मला तेव्हा विचित्र वाटली होती. तिचा अर्थ पुढे लागला.

दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी योग्य शंका घेतली आणि पायाच्या धमन्यांचा कलर डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, सांगितला. मात्र तारीख मिळेपर्यंत दुखणं पुन्हा ओसरलं होतं. चांगल्या दिवसांत, पाय सरळ ठेवून तपासणी झाली आणि अहवालावर ‘सर्वसाधारण’ असं आलं. त्यानंतर तिसऱ्या ठिकाणी त्यांना सांगण्यात आलं की शरीरात काही नाही, ताण घेऊ नका. त्या वाक्याने त्यांचं किती नुकसान झालं ते मी पाहिलं आहे. काम सोडून थांबणारा कारागीर आधीच संशयाच्या नजरा झेलत असतो. त्यात डॉक्टरांनीही हात वर केले की तो स्वतःवरच अविश्वास दाखवायला लागतो. माझ्यासमोर बसल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, “डॉक्टर, मी नाटक करत नाही.”

तपासणीच्या खोलीत

मी त्यांना पाठीवर झोपवलं आणि नाड्या तपासल्या. जांघेतली नाडी दोन्हीकडे ठणठणीत. गुडघ्यामागच्या लवणीतली उजवीकडे थोडी मंद. पावलावरची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची उजवीकडे लागत होती, डावीपेक्षा किंचित हलकी. पायाची त्वचा, केस, नखं सगळं निरोगी. लवणीत हाताला गाठ लागली नाही. प्रामाणिकपणे लिहायचं तर पुढच्या पाच मिनिटांत मी त्यांना मज्जातंतूंच्या तपासणीची चिठ्ठी देणार होते. चिठ्ठीचा कागद पुढे ओढलाही होता.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “एक विचारू का? झोपेत हे पाय पोटाशी घेतात ना, तेव्हा यांचं उजवं पाऊल माझ्या पायाला गारेगार लागतं. डावं नाही लागत. मी आधीच्या तिन्ही डॉक्टरांना सांगितलं होतं.”

मी फायली पुन्हा चाळल्या. कुठेही त्याची नोंद नव्हती.

मग मी त्यांना विचारलं, काम करताना कसे बसता ते दाखवा. ते जमिनीवर उकिडवे बसले, डावा हात फरशी थोपटतो तसा जमिनीवर टेकवलेला. मीही त्यांच्यासमोर खाली बसले आणि उजव्या पावलावर बोटं ठेवली. नाडी नव्हती. बोटं सरकवून शोधली, दाब कमीजास्त केला, तरी नाही. डाव्या पावलावर ठेवली, तिथे स्पष्ट ठोका. उजवा पाय सरळ करायला सांगितला आणि बोटं तिथेच ठेवून मोजत राहिले. चार-पाच सेकंदांत ठोका परत आला, आधी धाग्यासारखा, मग भरीव. तीन वेळा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

गुडघा दुमडल्यावर पावलातली नाडी नाहीशी होणं याला इशिकावा खूण म्हणतात. धमनीच्या भिंतीत पुटी, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, होण्याच्या ‘सिस्टिक ॲडव्हेंटिशियल डिसीज’ या विरळ आजाराची ही खूण. जपानी शल्यचिकित्सक इशिकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली तिचं वर्णन केलं. गुडघा अगदी टोकापर्यंत दुमडला तर निरोगी माणसाचीही नाडी मंदावू शकते, म्हणून दुसरा पाय शेजारी ताडून पाहिल्याशिवाय या खुणेवर विसंबू नये. इथे दोन्ही पाय सारखेच दुमडलेले होते आणि फरक ढळढळीत होता.

तरुण, व्यसन नसलेल्या माणसाच्या पोटरीत गोळा येत असेल तर आणखी एक गोष्ट मनात ठेवावी लागते. काहींच्या पोटरीचा स्नायू जन्मतःच वेगळ्या जागी चिकटलेला असतो आणि गुडघ्यामागची धमनी त्याच्या कचाट्यात सापडते. ही अडकलेली धमनी पहिल्यांदा १८७९ मध्ये एडिंबरात अँडरसन स्टुअर्ट या वैद्यकीय विद्यार्थ्याने विच्छेदन करताना पाहिली होती. तिथे नाडी हरवते ती स्नायू आवळल्यावर, म्हणजे गुडघा सरळ ठेवून पाऊल खाली जोराने दाबलं की. मी तेही करून घेतलं. माझ्या तळहातावर त्यांनी पूर्ण ताकदीने पाऊल दाबलं आणि नाडी टिकून राहिली. स्नायू आवळून नाडी जाते की गुडघा दुमडून जाते, या एका फरकावर पुढच्या तपासण्यांची दिशा ठरते, आणि त्यासाठी हाताच्या दोन बोटांपलीकडे काही लागत नाही.

धमनीच्या पोकळीत नव्हे, भिंतीत

घोट्याजवळचा रक्तदाब दंडावरच्या दाबाने भागला की जो आकडा येतो त्याला आम्ही एबीआय म्हणतो. तो ०.९ च्या खाली गेला तर पायाला रक्त कमी पडतंय असं मानतात. विश्रांतीत त्यांचा उजवा आकडा ०.९३ होता, डावा १.१०. म्हणजे नुसता विश्रांतीत मोजला असता तर हाही अहवाल ‘सर्वसाधारण’च आला असता. ट्रेडमिलवर चालवलं. चौथ्या मिनिटाला ते थांबले आणि लगेच मोजलेला उजवा आकडा ०.४८ निघाला. तो पूर्ववत व्हायला १४ मिनिटं लागली. दुखणं ओसरायला लागणारा हा जास्तीचा वेळ या आजारात बऱ्याचदा दिसतो.

डॉप्लर पुन्हा केला. या वेळी सोनोग्राफी करणाऱ्या सहकाऱ्याला मी एवढंच सांगितलं की धमनीच्या आत काय वाहतंय ते नंतर बघू, आधी तिची भिंत दाखव. गुडघ्याच्या सांध्यामागे, सुमारे ४ सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्यात, धमनीच्या भिंतीला लागून काळा, रक्तप्रवाह नसलेला फुगवटा दिसला. त्यात बारीक पडदे होते. धमनीची पोकळी एका बाजूला ढकलली जाऊन चंद्रकोरीसारखी उरली होती. आतला थर मात्र गुळगुळीत होता, चरबी नाही, चुना नाही. गुडघा थोडा दुमडल्यावर ती कोरही मिटली.

एमआरआयने उरलेली शंका फेडली. द्रव उजळ दाखवणाऱ्या चित्रांत, ज्यांना टी-टू म्हणतात, धमनीला बिलगलेली पुटी दिव्यासारखी चमकत होती. माझी नजर मात्र तिच्या शेपटीवर खिळली. पुटीच्या पुढच्या बाजूने एक बारीक, उजळ दोरा निघून सांध्याच्या आवरणाकडे जात होता. धमनीच्या मधल्या भागातून गुडघ्यात एक छोटी फांदी जाते, सांध्याच्या आतल्या स्नायुबंधांना रक्त पुरवते, त्याच फांदीच्या वाटेने हा दोरा चालला होता.

मांडीतून नळी घालून रंगद्रव्य सोडण्याची अँजिओग्राफी मी केली नाही. ती फक्त पोकळीची सावली दाखवते. पुटी एका बाजूला असेल तर त्या सावलीत वाकड्या तलवारीसारखा बाक दिसतो, चहूबाजूंनी असेल तर कंबर आवळलेल्या वाळूच्या घड्याळासारखा आकार दिसतो. या खुणा पाठ्यपुस्तकांत आहेत आणि त्यांचा इतिहास मोठा आहे. पण पाय सरळ असताना पुटीचा जोर कमी असेल तर सावली जवळजवळ निरोगी येते. रोग भिंतीत असताना पोकळीचा फोटो काढत बसण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा आजार काय आहे

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतला नाजूक अस्तराचा, मधला स्नायूंचा, आणि बाहेरचा तंतूंचा. बाहेरच्या थराला ॲडव्हेंटिशिया म्हणतात. या आजारात बाहेरच्या आणि मधल्या थरांच्या दरम्यान डिंकासारखा चिकट द्रव साठतो आणि त्याची पुटी तयार होते. मनगटावर येणाऱ्या गाठीतला द्रव आणि हा द्रव गुणधर्माने फार जवळचे आहेत. पुटी वाढते तशी ती आत, पोकळीकडे दाबते. बाहेर फुगायला जागा असली तरी नुकसान होतं ते आतच. दाब फार वाढला तर धमनी पूर्ण मिटते, रक्त साकळतं आणि मग पायाचा प्रश्न तातडीचा होतो.

पहिली नोंद गुडघ्याची नव्हतीच. ॲटकिन्स आणि की या ब्रिटिश शल्यचिकित्सकांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेला रुग्ण ओटीपोटातून जांघेकडे येणाऱ्या धमनीचा होता. गुडघ्यामागच्या धमनीतला आजार स्वीडनच्या एज्रुप आणि हियर्टॉन यांनी १९५४ मध्ये मांडला. तेव्हापासून जगभरात जेवढी प्रकरणं छापून आली त्यांतली सुमारे ८५ टक्के गुडघ्यामागच्याच धमनीची आहेत. पुरुषांमध्ये प्रमाण बायकांच्या कितीतरी पट, वय बहुधा चाळिशीच्या आसपासचं. चालताना पोटरी दुखते म्हणून येणाऱ्या साधारण १,२०० जणांत एक, असा जुना अंदाज वारंवार दिला जातो. क्वचित हीच पुटी शिरेच्या भिंतीत होते. तिथे पाय सुजतो आणि शिरेत गुठळी झाली असावी असं वाटून रक्त पातळ करण्याची औषधं सुरू होतात.

हा आजार का होतो, यावर अनेक मतं मांडली गेली. वारंवार बसणाऱ्या सूक्ष्म इजांमुळे होतो, हे एक. रुग्णालाही तेच वाटत होतं, “आयुष्यभर गुडघ्यांवर बसलो, त्याचंच हे.” मी त्यांना हो म्हणू शकले नाही. गुडघ्यांवर वर्षानुवर्षं काम करणारी माणसं अगणित आहेत आणि आजार विरळा. लेव्हिएन आणि बेन या संशोधकांनी १९९८ मध्ये वेगळा विचार मांडला. गर्भात हातपाय घडताना सांधा आणि शेजारची रक्तवाहिनी एकमेकांलगत तयार होतात. सांध्याकडे जायच्या, चिकट द्रव बनवणाऱ्या काही पेशी चुकून रक्तवाहिनीच्या भिंतीत राहून जातात आणि पुढे कधीतरी कामाला लागतात. तिसरं मत असं की सांध्यातलाच द्रव छोट्या फांदीच्या बाजूने वाट काढत धमनीच्या भिंतीत शिरतो.

आजार झालेल्या रक्तवाहिन्यांची यादी पाहिली तर जांघ, गुडघा, मनगट, कोपर असं सांध्यालगतचंच सगळं सापडतं. सांध्यापासून दूर, मांडीच्या मध्यावर वगैरे, हा आजार दिसत नाही. त्यामुळे शेवटच्या दोन मतांकडे माझा कल आहे, आणि या रुग्णापुरतं बोलायचं तर तिसऱ्याकडे जास्त. एमआरआयमधला तो उजळ दोरा त्याशिवाय कशाने समजावणार? दुखण्याचं येणं-जाणंही त्यातून उलगडतं. सांध्याशी वाट उघडी असेल तर पुटीतला द्रव कधी वाढणार, कधी ओसरणार. तीन आठवडे पाय मोकळा होणं हा पट्ट्याचा गुण नव्हता आणि महिनाभराने परत दुखणं हे मनाचं नव्हतं. पुटी भरत होती आणि रिकामी होत होती.

काय करायचं यावरचं बोलणं

मी त्यांना एमआरआयचं चित्र दाखवलं. बराच वेळ ते पाहत राहिले. मग विचारलं, “सुईनं हे पाणी काढून टाकता येणार नाही का?”

प्रश्न अगदी रास्त होता. सोनोग्राफीखाली सुई घालून द्रव काढण्याचे प्रयत्न अनेकांनी केले आहेत. पण हा द्रव पाण्यासारखा वाहत नाही, सुईतून यायला तयार नसतो. आत पडदे असल्याने एक कप्पा रिकामा केला तरी शेजारचा तसाच राहतो. आणि द्रव बनवणारी भिंत जागेवर असते, सांध्याची वाटही उघडी असते. त्यामुळे पुटी परत भरण्याचं प्रमाण मोठं आहे.

फुगा घालून धमनी मोठी करायची, हा पुढचा प्रश्न त्यांच्या मेहुण्यांचा. हृदयाला करतात तसं पायाला का नाही? फुग्याने आतला थर ताणला जातो. चरबीचा थर असेल तर तो चिरडला जाऊन वाट रुंदावते. इथे आतला थर निरोगी आहे आणि दाब बाहेरून आहे. फुगा काढला की पुटी पुन्हा जागेवर येते, वर निरोगी अस्तराला उगाच इजा. जाळी बसवली तर ती दिवसातून शेकडो वेळा दुमडणाऱ्या सांध्यामागे बसणार. उकिडवं बसून पोट भरणाऱ्या माणसाच्या गुडघ्यामागे धातूची जाळी घालायला मी तयार नव्हते.

काही न करता थांबण्याचा पर्यायही मी सांगितला, कारण पुट्या आपोआप जिरल्याच्या मोजक्या नोंदी आहेत. पण आठ महिने गेलेले, ट्रेडमिलवर घोट्याचा दाब दंडाच्या निम्म्याखाली येतोय, आणि धमनी पूर्ण मिटली तर आजची सोपी शस्त्रक्रिया उद्या अवघड होते. धमनी वाहती असताना हात घातला तर पुटी काढून धमनी वाचवता येते. बंद पडल्यावर तो तुकडा कापून त्याजागी पायातलीच शीर जोडावी लागते. ते ऑपरेशनही चांगलं टिकतं, पण स्वतःची धमनी ती स्वतःची.

त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. पाय राहील ना, आणि उकिडवं बसता येईल ना. पहिल्याचं उत्तर मी ठामपणे दिलं. दुसऱ्याचं, ऑपरेशननंतर देईन म्हणाले.

ऑपरेशन

त्यांना पालथं झोपवलं. गरज पडली तर जोडायला हवी म्हणून पायातली चांगली शीर आदल्या दिवशी सोनोग्राफीने पाहून त्वचेवर खूण करून ठेवली होती. लवणीत सरळ उभा छेद घेत नाहीत, व्रण आक्रसून गुडघा सरळ होत नाही. म्हणून मांडीच्या आतल्या बाजूने खाली, लवणीच्या वळीवरून आडवा, आणि पोटरीच्या बाहेरच्या बाजूने खाली, असा नागमोडी छेद घेतला.

लवणीत आधी मज्जातंतू लागतो, त्याखाली शीर, आणि सगळ्यात खोल धमनी. मज्जातंतू आणि शीर मऊ फितींनी हळूच बाजूला घेतल्या. धमनीचा वरचा भाग नेहमीसारखा, गुलाबीसर, ठोके देणारा. मग एकदम तिचा रंग निळसर राखाडी झाला आणि जाडी दुप्पट. बोटाखाली ठोका नव्हता, नुसता ताठरपणा. शेजारच्या उतींना धमनी चिकटली होती. पुढच्या बाजूने, सांध्याकडे जाणारा तो बारीक दोर सापडायला वेळ लागला, पण सापडला. एमआरआयमध्ये तो आधी दिसला नसता तर मी नेहमीची फांदी समजून सहज कापून पुढे गेले असते. तो सांध्याच्या आवरणालगत बांधून तोडला. सांध्याची वाट बंद केली नाही तर पुटी पुन्हा भरू शकते.

रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देऊन वर-खाली धमनी धरून ठेवली आणि बाहेरच्या थराला बारीक उभी चीर दिली. झाडाला डिंक फुटावा तसा पिवळसर, पारदर्शक, लुसलुशीत गर स्वतःच्या दाबाने वर आला. तो ओघळला नाही, चिरेवर थेंबासारखा उभा राहिला. चिमट्याने उचलला तर तार धरत होता. पडदे मोडत कप्पे रिकामे केले आणि पुटीची भिंत मधल्या थरावरून सोलून काढली. एका जागी मधला थर इतका पातळ होता की आतलं रक्त काळसर दिसत होतं. तिथे सोलताना टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पडलं. सर्वांत बारीक धाग्यांपैकी एकाचे दोन टाके घालून ते बुजवलं. तिथे भिंत आणखी फाटली असती तर शीर जोडायचीच, हे मनाशी ठरलेलं होतं. तशी वेळ आली नाही.

धरून ठेवलेली धमनी सोडली. आधी चपटी पडून राहिली. मग वरच्या टोकापासून भरत खाली आली आणि पूर्ण लांबीवर ठोका दिसू लागला. जखम बंद करण्याआधी सहायकाने गुडघा काटकोनापर्यंत दुमडला आणि मी निर्जंतुक चादरीखाली पावलावर डॉप्लरची पेन्सिल धरली. आवाज येत राहिला.

त्यानंतर

पॅथॉलॉजीच्या अहवालात चिकट द्रवाने भरलेली, सलग अस्तर नसलेली पुटी, आणि असा चिकट द्रव ओळखण्यासाठी वापरतात त्या ॲल्शियन ब्लू रंगाने निळा झालेला द्रव अशी नोंद आली. कर्करोगाच्या पेशी नाहीत, चरबीचा थर नाही. दुसऱ्या दिवशी ते चालले, चौथ्या दिवशी घरी गेले. काही महिने ॲस्पिरिन दिलं.

सहा आठवड्यांनी विश्रांतीतला उजवा एबीआय १.०८ होता आणि ट्रेडमिलवर दहा मिनिटं चालूनही तो घसरला नाही. उकिडवं बसायला मी तीन महिने थांबवलं, व्रण मऊ पडू दिला. तिसऱ्या महिन्यात त्यांनी माझ्यासमोर पुन्हा तसंच बसून दाखवलं आणि मी पुन्हा खाली बसून पावलावर बोटं ठेवली. ठोका डाव्याच्या बरोबरीचा होता. त्यांच्या पत्नी खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, “आता रात्री दोन्ही पाय सारखेच लागतात.” तो निरोप मी त्यांच्या फाइलमध्ये, ट्रेडमिलच्या आकड्यांच्या वरती, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवला आहे.

पुटी काही वर्षांनी परतल्याच्या नोंदी आहेत, म्हणून पहिल्या वर्षी दर सहा महिन्यांनी आणि नंतर दर वर्षी सोनोग्राफी करतो, गुडघा सरळ ठेवून आणि दुमडून, दोन्ही. आता दोन वर्षं झाली. धमनीची भिंत किंचित जाड दिसते, पुटी नाही. ते पूर्ण दिवस काम करतात. उजव्या पावलाच्या बाहेरच्या कडेला मात्र थोडा बधिरपणा राहिला आहे. लवणीतून जाणारा त्वचेचा एक बारीक मज्जातंतू बाजूला घेताना ताणला गेला असावा. तो सुरुवातीला करंगळीपासून टाचेपर्यंत होता, आता करंगळीच्या मुळापाशी दोन बोटांएवढा उरलाय. ओली फरशी पायाला थंड लागते की नाही यावरून आपण तो मोजतो, असं त्यांनी गेल्या खेपेस सांगितलं. पुढची तपासणी पुढच्या वर्षी आहे.